काळा व्हेडर, लाल तलवार: जुनी स्टार वॉर्स फिगर पारखायची कशी

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत मुलाची जुनी खेळणी. चाकं गेलेल्या दोन गाड्या, गोट्या, आर तुटलेला भोवरा आणि तळाशी काळा डार्थ व्हेडर, म्हणजे स्टार वॉर्स चित्रपटांतल्या खलनायकाची प्लास्टिकची छोटी फिगर. काकूंचा धाकटा भाऊ १९८४ साली न्यू जर्सीहून आला तेव्हा त्याने भाच्यासाठी आणलेला. भाचा आता पंचेचाळिशी ओलांडलेला. त्याने मोबाइलवर कुठेतरी लाखांचे आकडे वाचले आणि काकू डबा घेऊन माझ्याकडे आल्या. "बघ रे, तू हे जमवतोस ना? खरंच एवढे येतात का याचे?"

मी व्हेडर उचलला, उजवा हात उलटा करून पाहिला आणि डबा बंद केला. हात रिकामा होता. पाठीवर केपही नव्हती. म्हटलं, "काकू, हजाराच्या आसपास. तेही कुणी हौशी भेटला तर."

काकूंना वाटलं मी नीट पाहिलंच नाही. पण या फिगरबद्दल नव्याने शिकणाऱ्याने पहिली गाठ मारायची ती हीच: यात प्लास्टिकचा माणूस सगळ्यात स्वस्त असतो. किंमत असते ती त्याच्या हातातल्या तलवारीला, पाठीवरच्या केपला आणि ज्या पुठ्ठ्यावर तो विकला गेला त्या पुठ्ठ्याला. म्हणून बघायचा क्रमही तोच. चेहरा शेवटी.

आता हे सगळं ओळीने सांगतो. उदाहरण व्हेडरचंच घेतो, कारण तो सगळ्यात जास्त घरांत सापडतो आणि त्याच्या नकलाही भरपूर आहेत. तो जमला की बाकीचे जमतात.

आधी एवढं माहीत हवं

स्टार वॉर्सचा पहिला चित्रपट अमेरिकेत २५ मे १९७७ ला लागला. खेळणी बनवायचा हक्क होता केनर या कंपनीकडे. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीची कंपनी, आणि तेव्हा तिची मालक जनरल मिल्स, म्हणजे नाश्त्याची सीरियल विकणारी. चित्रपट एवढा चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, त्यामुळे १९७७ च्या नाताळात दुकानात द्यायला फिगर तयारच नव्हत्या. केनरने चक्क रिकामं पाकीट विकलं. आत चित्रं आणि एक कूपन. कूपन पाठवायचं आणि १९७८ मध्ये ल्यूक, लेआ, चुबाका आणि आर-टू-डी-टू हे चौघे टपालाने घरी यायचे. व्हेडर त्या चौघांत नव्हता. तो १९७८ च्या पहिल्या बारा जणांत दुकानात आला.

त्याआधी मुलांच्या फिगर मोठ्या असत. १९६४ चा जी.आय. जो बारा इंचांचा होता, आणि 'ॲक्शन फिगर' हा शब्दही त्याच्याच वेळचा. मुलगे 'डॉल' घ्यायचे नाहीत म्हणून काढलेला. केनरने पावणेचार इंचांचं माप धरलं, म्हणजे पात्रांची अंतराळयानंही हातात मावतील एवढी करता येतील. व्हेडर पात्रच उंच म्हणून तो सव्वाचार इंचांच्या आसपास आहे. मान, दोन खांदे, दोन मांड्या एवढेच पाच सांधे. गुडघा वाकत नाही, कोपर वाकत नाही. तुमच्या हातातल्या व्हेडरचा गुडघा वाकत असेल तर तो जुना नाही, पुढचं वाचायची गरज नाही.

पायामागचा शिक्का

फिगर उलटी करा. पायाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरं उठावात दिसतील. दिसत नसतील तर मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, सावलीत अक्षरं वर येतात. जुन्या व्हेडरवर 'जी.एम.एफ.जी.आय.' ही अक्षरं आणि १९७७ हे साल असतं. ती अक्षरं म्हणजे जनरल मिल्स फन ग्रुप इन्कॉर्पोरेटेड. पुढच्या वर्षांत आलेल्या पात्रांवर 'एल.एफ.एल.', म्हणजे लुकासफिल्म लिमिटेड दिसतं. सोबत देशाचं नाव असतं: हाँगकाँग, तैवान वगैरे. काही फिगरवर देशाचं नाव साच्यातूनच घासून काढलेलं असतं आणि तिथे नुसता खडबडीत व्रण राहतो. काम एका कारखान्यातून दुसरीकडे गेलं की असं व्हायचं. व्रण दिसला म्हणून नक्कल समजू नका.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. १९७७ हे साल फिगर बनल्याचं नाही, कॉपीराइटच्या हक्काचं आहे. हाच व्हेडर १९८५ पर्यंत विकला जात होता आणि तरी पायावर १९७७ च. त्यामुळे "सत्त्याहत्तरचा पीस आहे" असं विकणारा सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसेलही, पण त्याला काही माहीत नाही एवढं नक्की. काकूंचा व्हेडर १९८४ ला आला आणि त्याच्याही पायावर १९७७ आहे.

शिक्का दुसऱ्या कामाचा आहे: नंतरच्या पिढ्या वेगळ्या काढायला. १९९५ मध्ये जुन्याच धाटणीच्या चार फिगरचा एक संच निघाला, ल्यूक, हान, चुबाका आणि व्हेडर. लांबून अगदी जुनाच वाटतो. २०१९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने 'रेट्रो कलेक्शन' काढलं, त्यात कार्डही, म्हणजे मागचा पुठ्ठाही, मुद्दाम जुना झिजल्यासारखा छापलाय. दोन्ही फसवायला केलेली नाहीत, अधिकृत आहेत, पण माळ्यावरून उतरलेल्या पिशवीत मिसळली की गोंधळ घालतात. शिक्का वाचला की गोंधळ मिटतो. १९९५ नंतरच्या त्या पिळदार दंडांच्या फिगर तर शिक्का न बघताही ओळखू येतात. सगळे पात्र एकाच जिममधून आल्यासारखे दिसतात.

तलवार: इथे घाई नको

व्हेडरची लाइटसेबर हातात धरायला दिलेली वेगळी वस्तू नाही. ती त्याच्या उजव्या हाताच्या आतच बसवलेली असते. दंडाखाली लांबट खाच असते आणि खाचेतून एक छोटीशी खुंटी डोकावते. अंगठ्याच्या नखाने खुंटी पुढे रेटली की मुठीतून लाल काडी बाहेर येते, मागे ओढली की आत जाते. लहान मुलाच्या हातात हे दिवसातून पन्नास वेळा व्हायचं. म्हणूनच ती काडी एकतर हरवलेली असते नाहीतर तुटलेली.

अस्सल काडी नीट बघा. मुठीजवळचा भाग जाडसर असतो आणि पुढे टोक एकदम बारीक होतं. पहिलं मोडतं ते हे बारीक टोक. ते गेलं तरी उरलेली काडी लांबून पूर्ण वाटते, आणि फोटोत तर हमखास वाटते. त्यामुळे विकणाऱ्याकडे फोटो मागताना 'तलवार पूर्ण बाहेर काढून, पांढऱ्या कागदावर, बाजूला पट्टी ठेवून' असा मागा. अर्धवट बाहेर काढलेल्या तलवारीचाच फोटो पुन्हा पुन्हा येत असेल तर तो सौदा सोडा.

टोक कसं संपतं तेही बघा. साच्यातून निघालेलं टोक गोलसर, गुळगुळीत असतं. मोडलेलं टोक पांढुरकं किंवा खरखरीत असतं. मोडल्यावर कानशीने घासून गोल केलेलंही मी पाहिलंय. तेव्हा लांबी सांगते खरं काय ते.

मग नक्कल. आमच्या भाषेत रेप्रो. या क्षेत्रात सगळ्यात जास्त काय बनत असेल तर या तलवारी, कारण साचा सोपा आणि मागणी न संपणारी. मी सुरुवातीच्या दिवसांत ऑनलाइन एक व्हेडर घेतला. 'शंभर टक्के ओरिजिनल, संपूर्ण' असं लिहिलेलं. पार्सल उघडलं, खुंटी सरकवली आणि ती अडखळली. नख लावून ओढलं तर किर्र असा आवाज. काडीचा लाल रंग किंचित गुलाबीकडे झुकणारा, कडेला साच्याची शिवण जाड आणि बोटाला लागणारी. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, "फोटोत दिसतंय तेच पाठवलंय." त्याचं म्हणणं खरंच होतं. फोटोत तलवार होती. ती कुठली, हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून प्रश्न असा विचारतो: "तलवार, केप, फिगर तिन्ही त्या काळची आहेत का, एकही वस्तू नंतर बसवलेली नाही ना, हे लिहून द्याल का?" लिहून देणारा देतो. न देणारा रागावतो. दोन्ही उत्तरांचा उपयोग होतो.

हत्यारं पाण्यात टाकून बघायची एक जुनी रीत आहे: खरं तरंगतं, नक्कल बुडते. स्टॉर्मट्रूपर, म्हणजे पांढऱ्या चिलखतातला सैनिक, त्याच्या बंदुकीसारख्या सुट्या वस्तूंसाठी ती वापरतात. बुडली तर संशय घ्या. पण तरंगली म्हणून निर्धास्त होऊ नका, तरंगणाऱ्या नकलाही बाजारात आल्या त्याला बरीच वर्षं झाली. काचेच्या टेबलावर टाकून आवाज ऐकणारेही आहेत. मी ऐकतो, पण त्या आवाजावर पैसे लावत नाही.

माझं ऐकाल तर पहिली खरेदी वेगळीच करा. खात्रीच्या, जुन्या संग्राहकाकडून एक रडका पण अस्सल व्हेडर घ्या: रंग उडालेला, पाय सैल, तलवारीचं टोक मोडलेलं, काहीही चालेल. स्वस्तात मिळतो. तो म्हणजे तुमचं वजनकाट्याचं माप. पुढे प्रत्येक वेळी नवी वस्तू त्याच्या शेजारी ठेवायची. रंग, चकाकी, शिवणीची जाडी, वाकवल्यावर येणारा ताण. लेख वाचून कळत नाही ते त्या दोघांना शेजारी ठेवल्यावर अर्ध्या मिनिटात कळतं.

आणि ती 'डबल टेलिस्कोपिंग' भानगड. अगदी सुरुवातीच्या काही ल्यूक, बेन आणि व्हेडरच्या तलवारी दोन टप्प्यांत उघडायच्या: जाड काडी बाहेर यायची आणि तिच्या आतून आणखी एक सुईसारखी काडी. नाजूक आणि खर्चिक म्हणून केनरने ती लवकरच सोडून दिली. ल्यूकच्या काही सापडतात, बेन आणि व्हेडरच्या फारच थोड्या. त्यांना हजारो डॉलर मिळतात, आणि म्हणूनच नकली तलवार बसवलेले हातही फिरतात. नवख्याने नियम असा धरावा: माझ्यासमोर आलेली दुहेरी तलवार खोटी आहे. खरी निघाली तर ती सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची.

केप

व्हेडरची केप कापडाची नाही, काळ्या व्हिनाइलची आहे. हात घालायला दोन भोकं. ती फाटते ती भोकांपाशीच, कारण मुलं हात बाहेर न काढता केप ओढायची. भोकाची कड टॉर्चसमोर धरा, केसाएवढी चीर असली तरी उजेड दिसतो. कापडी केप घातलेला व्हेडर आला तर ती कुणाच्या तरी आईने प्रेमाने शिवलेली आहे. गोड आहे, किंमत नाही.

नकली केप एकतर फार कडक असते किंवा प्लास्टिकच्या पिशवीसारखी मऊ. कडा बघा: साच्याने कापलेली कड सलग असते, कात्रीने कापलेली कुठे ना कुठे कोन करतेच.

याच कात्रीची गोष्ट जावा नावाच्या छोट्या पात्राची. पहिल्या काही जावांना व्हिनाइलची केप होती. एवढ्याशा पात्राला एवढी स्वस्त दिसणारी केप बरी दिसेना, म्हणून केनरने लगेच कापडी झगा दिला. त्यामुळे व्हिनाइलवाला जावा आज संग्राहकांच्या स्वप्नात येतो. मग लोकांनी काय केलं, बेन केनोबीची तपकिरी केप कापून जावाला घातली. कुणी 'व्हिनाइल केपवाला जावा' दाखवला तर आधी हाताला सॅनिटायझर लावा आणि मग पाकिटाला कुलूप.

आता अंग

तलवार आणि केप पास झाली की मग फिगर. उभी करा. पडते का? पाय सैल असतील तर व्हेडर दारुड्यासारखा मागे रेलतो. हात वर करून सोडा, तिथेच राहायला हवा. मान फिरवा.

काळ्या फिगरवर ओरखडे आणि झीज शिरस्त्राणाच्या कपाळावर आणि कडांवर आधी दिसते, कारण डब्यात ती बाकीच्या खेळण्यांवर घासते. छातीवरच्या पेटीचे रंगठिपके बघा. बारीक असल्यामुळे ते लवकर उडतात, आणि कुणीतरी ते घरी भरतं. कारखान्याचा रंग पातळ आणि सपाट बसतो. घरी भरलेला रंग थेंबासारखा फुगलेला असतो. काळा मार्कर फिरवून ओरखडे झाकायची युक्ती तर फार जुनी. टॉर्चचा उजेड तिरका मारला की मार्करचा डाग बऱ्याचदा जांभळट चमकतो. वांग्यासारखा.

कुत्र्याने किंवा बाळाने चावलेले पाय, पावलांच्या तळाशी नाव लिहिलेलं, हे तर दिसतंच. नाव लिहिलेल्या फिगर मला व्यक्तिशः आवडतात. बाजाराला आवडत नाहीत.

पांढऱ्या पात्रांची दुखणी वेगळी. स्टॉर्मट्रूपर पिवळा पडतो आणि पिवळा पडताना सगळा सारखा पडत नाही, कारण धड एका प्लास्टिकचं आणि हातपाय दुसऱ्या. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उन्हात ठेवून तो पांढरा करतात. काही दिवस छान दिसतो, मग कित्येकदा ठिपक्याठिपक्यांनी परत पिवळा होतो. चारही बाजूंनी दुधासारखा पांढरा स्टॉर्मट्रूपर दिसला तर विचारायला लाजू नका: "आंघोळ घातली आहे का?" सी-थ्री-पी-ओची सोनेरी झिलई बोटांच्या घामानेही जाते, तिथे बघायचं ते गुडघे आणि छाती. आर-टू-डी-टूच्या अंगावर रंग नसून स्टिकर असतो, त्यामुळे त्याला पाण्यात घालायचं नाही. त्याचं डोकं फिरवलं की टिकटिक आवाज यायला हवा.

पुठ्ठ्यावरचा व्हेडर

फिगर पाकिटातून न काढता तशीच राहिली असेल तर खेळ पूर्ण बदलतो. पाठीमागे किती पात्रांचे फोटो छापलेत त्यावरून कार्ड ओळखतात. पहिलं 'ट्वेल्व्ह बॅक', बारा पात्रांचं, १९७८ चं. मग आणखी आठ पात्रं आली आणि वीसचं कार्ड झालं, बोबा फेट धरून एकवीसचं. १९८० च्या दुसऱ्या चित्रपटासोबत एकतीस आणि पुढे, १९८३ च्या तिसऱ्यासोबत पासष्ट आणि पुढे. शेवटी १९८५ मध्ये आत नाणं घातलेली कार्डं. तोच व्हेडर, तोच साचा. बाराच्या कार्डावरचा आणि पासष्टच्या कार्डावरचा यांच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

कार्ड बघताना: कोपरे, दुमड, लटकवायच्या भोकाचा तुकडा आहे की निघालाय, किमतीचा स्टिकर ओरबाडून काढलाय का. आणि 'प्रूफ ऑफ पर्चेस'चा, म्हणजे खरेदीच्या पुराव्याचा, चौकोन कापलेला आहे का. केनर असे चौकोन पाठवणाऱ्या मुलांना टपालाने फिगर द्यायची, त्यामुळे कापलेली कार्डं ढिगाने आहेत.

बोबा फेटची सगळी दंतकथा त्याच कापलेल्या चौकोनांतून सुरू झाली. चार चौकोन पाठवा, पाठीवरून रॉकेट उडवणारा बोबा फेट मिळवा, अशी जाहिरात होती. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातलं छोटं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं. केनरने घाबरून रॉकेट पाठीला चिकटवूनच फिगर पाठवल्या. उडणारा बोबा दुकानात कधी आलाच नाही, काही नमुने तेवढे राहिले. त्यातला एक २०१९ मध्ये १,८५,८५० डॉलरला गेला आणि हाताने रंगवलेला एक २०२४ मध्ये ५,२५,००० डॉलरला. काकूंच्या मुलाने मोबाइलवर वाचलेले आकडे ते हे. वस्तू कधी विकलीच गेली नाही म्हणून ती इतकी महाग. माळ्यावर ती सापडायची शक्यता जवळपास नाहीच.

प्लास्टिकचा फुगा, म्हणजे बबल, कार्डाला चिकटवलेला असतो. तो पुन्हा चिकटवून 'कधीच न उघडलेला' म्हणून विकतात. कडेने भिंग फिरवा. कारखान्याच्या गोंदाची कड सारखी असते. परत चिकटवलेल्यात कागदाचे तंतू उठलेले, गोंद बाहेर आलेला किंवा फुग्याच्या कडेबाहेर जुन्या गोंदाची फिकट रेघ दिसते. नवं छापलेलं कार्डही भिंगाखाली सापडतं: जुन्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके फुलासारख्या नक्षीत रांगेने बसतात, घरच्या प्रिंटरवर ते शिंतोड्यासारखे विस्कटलेले असतात. वीस रुपयांचं खेळण्यातलं भिंग चालणार नाही, घड्याळजीकडे असतं तसं घ्या.

ग्रेडिंगचा डबा

अमेरिकेत एएफए, सीएएस अशा कंपन्या फिगर तपासून, ॲक्रिलिकच्या डब्यात सील करून शंभरपैकी गुण देतात. कार्ड, फुगा आणि फिगर यांचे गुण वेगळेही छापतात. पंचाऐंशी म्हणजे उत्तमच. महागड्या वस्तूला याचा उपयोग आहे, विशेषतः तुम्ही ठाण्यात आणि वस्तू टेक्सासमध्ये असताना. पण सुट्या, सामान्य व्हेडरला गुण घ्यायला पाठवणं म्हणजे वडापावला तारांकित हॉटेलचं प्रमाणपत्र मागणं. डब्याचा खर्च आतल्या फिगरपेक्षा जास्त होतो. डबाही नकली निघू शकतो, तेव्हा त्यावरचा क्रमांक त्या कंपनीकडे ताडून घ्या.

किंमत

मागितलेली किंमत बघू नका. ईबेवर 'सोल्ड' हा गाळणीचा पर्याय असतो, तो लावला की खरोखर विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे दिसतात. निदान दहा-बारा सौदे बघा आणि तुमच्या वस्तूच्या स्थितीशी जुळणारेच मोजा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या.

भारतात मागवत असाल तर एक हिशोब आधी करा. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यावर बाकीचे कर, आणि टपालाचा खर्च धरूनच ते लागतं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह सक्तीचं झालंय. पंचेचाळीस वर्षांच्या व्हेडरवर ते कुठून येणार? पार्सल अडकू शकतं. मागवण्याआधी त्या दिवशीचे नियम बघा. बरेच जण सरळ मार्ग धरतात: तिकडच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवायचं आणि तो गणपतीला येईल तेव्हा आणायचं. माझा मावसभाऊ एडिसनला राहतो. त्याच्या बायकोच्या मते आमचं नातं आता फक्त पार्सलापुरतं उरलंय.

तुमच्या स्वतःच्या माळ्यावर काय शोधायचं, तर व्हेडरपेक्षा देशी माल. एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीतून निघालेल्या, गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने भारतात जी.आय. जो बनवले, आणि लिओ या खेळण्यांच्या कंपनीच्या नावाने ही-मॅन निघाला. अमेरिकेतल्यापेक्षा रंग निराळे, कधी अगदीच चक्रम. तिकडचे लोक ते मुद्दाम शोधतात. तपासायची रीत मात्र हीच: शिक्का, हत्यारं, सांधे, कार्ड.

घरी आणल्यावर

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही, ते प्लास्टिक विरघळवतं. कार्डाला पाणी लावायचं नाही.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. कार्डाला बुरशी येते आणि पुठ्ठ्याला कसर लागते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला. डांबर गोळ्या मात्र कपाटात नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ आणि चिकट होतात. घट्ट झिपच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंडलेली मऊ प्लास्टिकची फिगरही घामेजते आणि हाताला चिकटते. हवा लागू द्या, ऊन लागू देऊ नका. केप काढून ठेवायची असेल तर घडी न घालता सपाट.

काकूंचा व्हेडर मी धुऊन, पुसून परत दिला. डबा त्यांच्या हातात देताना सांगितलं, आतल्या गोट्या, कागद, कचरा काहीही टाकण्याआधी एकदा थाळीत ओता आणि बोटाने चाळा. लाल रंगाची, उदबत्तीच्या काडीएवढी जाड, एका टोकाला बारीक. त्यांनी दोनदा चाळलं. अजून सापडलेली नाही.